वाटीविना गुडघा

१९ जुलै, पुसेगाव

हिंगोली जिल्ह्यात खाटेवर पडलेल्या तमाम बंधू-भगिनींनो! ज्यांच्या दुखण्याबद्दल डॉक्टर नातेवाइकांशी बोलतो, नातेवाईक एकमेकांशी बोलतात, आणि ज्यांना स्वतःला फक्त एवढंच विचारलं जातं की 'चहा घेता का?', त्या सगळ्यांनो!

इथवर लिहून थांबलो. समोर सभा नाही, भिंत आहे. पण जन्मभर हायस्कुलात इतिहास शिकवला आणि सुट्टीचा प्रत्येक दिवस गावोगाव बोलण्यात घालवला. 'बंधू-भगिनींनो' म्हटल्याशिवाय मला विचारच सुरू करता येत नाही. वही खाजगी आहे, सवय सार्वजनिक.

झालं ते असं. जवळा बाजारला बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा राहून बोललो. विषय नेहमीचा: नळाची पाइपलाइन गावभर हिंडते, मग आपल्या वस्तीच्या तोंडाशी आल्यावरच तिला दम कसा लागतो? लोक आधी हसले, मग चिडले. म्हणजे सभा जमली. उतरताना ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावरून पाय सटकला आणि उजवा गुडघा खालच्या लोखंडी हुकावर आदळला.

उठलो. क्रेप बँडेज बांधलं, मेडिकलमधून गोळ्या आणवल्या आणि ठरलेल्या बाकी सभा घेतल्या. नरसीची घेतली, औंढ्याची घेतली, सेनगावची घेतली. एकही रद्द केली नाही. खेमा प्रत्येक ठिकाणी खांदा द्यायला होता. त्याची साउंड सिस्टीम आणि जीप दोन्ही माझ्याच सभांना जुंपलेल्या असतात. तो पैशापेक्षा श्रद्धेवर चालतो. सेनगावला शेवटच्या वाक्यावर मूठ वर केली आणि गुडघ्यात जाड कापड फाटावं तसं टर्रकन झालं. पाय खाली आहे असं वाटेचना. शुद्धीवर नीट आलो तो हिंगोलीत, प्रज्ञेशच्या दवाखान्यात.

प्रज्ञेश म्हणजे आमच्या रामजीचा मुलगा. रामजी सालगडी होता, माझा जिवाचा मित्र, आता नाही. पोराची अकरावी-बारावी आमच्या घरात झाली, माझ्या बायकोच्या, कमलच्या भाकरीवर. आपल्या वस्तीतला पहिला हाडांचा डॉक्टर. दवाखान्याच्या उद्घाटनाला मीच बोललो होतो: 'ज्यांची हाडं पिढ्यान् पिढ्या मोडली गेली, त्यांच्या घरात आता हाडं जोडणारा जन्माला आला आहे.' बाया रडल्या होत्या.

ऑपरेशननंतर म्हणाला, "छान झालं, सर." माझ्याकडे न बघता म्हणाला. थकला असेल.

२७ जुलै

टाके निघाले. मांडीपासून पोटरीपर्यंत पट्ट्यांचा लांब ब्रेस आहे. प्रज्ञेशने शितल नावाची फिजिओथेरपिस्ट लावून दिली आहे. हिंगोलीहून स्कूटीवर येते, एक दिवसाआड. बडबडी नाही, पण हट्टी आहे.

"सर, मांडी आवळा. पाय हलवायचा न्हाई, नुसती मांडी आवळायची. अन् गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबायची."

मी विचारलं, मार गुडघ्याला लागला, तर शिक्षा मांडीला कशाची?

"गुडघा सरळ करणारा स्नायू मांडीत असतो, सर. पडून राहिला की वाळतो. आवळा."

मी तिला सांगितलं की ताकद नेहमी वर असते आणि दुखणं खाली, ही आपल्या समाजरचनेचीच प्रतिकृती आहे. त्यावर मला बरंच सुचत गेलं. तिने घड्याळ पाहिलं.

"सर, मांडी राहिली."

जाताना तिने कमलला बजावलं, दिवसातून चार वेळा करून घ्या. कमल म्हणाली, "करतेत की. तोंडानं करतेत."

९ ऑगस्ट

आज अंग पुसायला कमलने ब्रेस सोडला. सूज उतरली आहे. डावा गुडघा पुसून ती उजव्याकडे वळली, तेव्हा सहज माझा तळवा तिथे गेला.

हाताला काही लागलं नाही.

डाव्यावर हात ठेवला. गोल, कडक, बोटाने ढकललं की इकडून तिकडे सरकणारी वाटी. उजव्यावर ठेवला. सपाट. कातड्याखाली नुसता दोरखंडासारखा पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खळगे. डोळे मिटून पुन्हा चाचपलं. माझा गुडघा मला परका लागला.

"कमल, वाटी कुठंय?"

ती फडकं पिळत राहिली.

"कमल!"

"आता कळलं व्हय? न्हाई ती. काढली. चुरा झाला व्हता."

"तुला कधीपासून माहीत?"

"आप्रेशन चालू व्हतं तवापासून. बाहीर आला बिचारा, हातमोजे रक्तानं भरलेले. म्हणला, काकी, बारीक बारीक तुकडे झालेत, जोडता येईनात, काढावे लागतेत. म्या म्हणलं, काढ बाबा."

"आणि मला सांगायचं कुणी?"

"त्यो सांगणार व्हता. मीच म्हणलं, थांब. तुमी जेवण सोडलं असतं."

"जेवण सोडलं असतं!"

"अन् भाषण धरलं असतं," ती म्हणाली आणि बादली घेऊन मोरीत गेली.

महिनाभर माझ्या शरीरातून एक हाड गायब आहे. ते सगळ्यांना माहीत आहे, मला नाही. ज्याने आयुष्यभर 'विचारा, प्रश्न विचारा' म्हणून लोकांना उठवलं, त्याच्या घरात ही गत. माझ्या चेहऱ्यावर चादर ओढून त्यांनी माझ्याविषयी ठराव मंजूर केला.

१२ ऑगस्ट

प्रज्ञेश आला. खुर्ची पुढे केली तरी खालीच बसला, बारावीत बसायचा तसा.

"सर, मी सांगणार होतो."

"कधी? माझ्या शोकसभेत?"

मान खाली. एवढा शिकलेला माणूस, पण मान मात्र अजून वर्गातली. मला त्या मानेचाच राग आला. म्हटलं, चोरासारखा बसू नकोस. काय काढलंस, त्याने काय होणार, नीट सांग. मी रुग्ण आहे, देव्हारा नाही.

तो उठला आणि खोलीच्या दाराशी गेला. "सर, हे दार कडीपाशी ढकललं तर बोटानं उघडतं." ढकलून दाखवलं. "आता बिजागरीला लागून ढकलतो." खांदा लावावा लागला, तेव्हा कुठे दार हललं. "दार तेच, माणूस तोच. फक्त जोर लावायची जागा बिजागरीच्या जवळ आली. गुडघा म्हणजे बिजागरी. मांडीचा स्नायू ही दोरी, ती वाटीवरून जाऊन नडगीला बांधलेली. वाटीचं काम एवढंच, की ती दोरीला बिजागरीपासून लांब धरते."

"आणि तू वाटी काढलीस."

"हो. मग दोरीची टोकं एकमेकांना शिवली. दोरी आता बिजागरीला चिकटून जाते. तोच पाय उचलायला जवळजवळ तिसरा हिस्सा जास्त जोर लागणार. पाय सरळ करताना शेवटचं चार बोटं अंतर सगळ्यात जड जाणार. जिना उतरताना गुडघा दगा देईल असं वाटणार."

"कायमचं?"

"मांडी कमावली तर बरंचसं भरून निघतं. सगळं न्हाई." परत खाली बसला. "सर, पहिल्या दिवशी आला असता, तर नुसती भेग होती. प्लास्टरवर भागलं असतं, फार तर तार घालून बांधली असती. पण चालून, उभं राहून स्नायूनं ते तुकडे ओढत नेले, अन् शेवटी..."

डॉक्टरांची ही जुनी पळवाट आहे. रुग्ण उशिरा आला. काम बिघडलं की उशीर रुग्णाचा, काम सुधारलं की हात डॉक्टरचा. मी तसं स्पष्ट बोललो. चहावर साय धरेपर्यंत तो बसला, चहा न घेता गेला. कमलने फडक्यात भाकरी बांधून त्याच्या गाडीपर्यंत नेली. मला वाढताना ताट आपटलं.

२० ऑगस्ट

मुलाने पुण्याहून शरीरशास्त्राची पुस्तकं पाठवली. तीन दिवस दुसरं काही केलं नाही. काय वाचलं! गेल्या शतकात काही नामांकित सर्जन ठासून सांगत होते की वाटी हे निरुपयोगी हाड आहे, काढलं तर गुडघा उलट बरा चालतो. मग मोजमापं झाली आणि कळलं की दोरीला जोर देणारं हाडच ते होतं.

मी उठून बसलो. निरुपयोगी! सगळ्यात पुढे राहून मार खाणारं, दुसऱ्याच्या जोराला लांबी देणारं, आणि स्वतःचं नाव नसलेलं. त्याला आपण घरातल्या भांड्याचं नाव दिलं आहे. हे हाड म्हणजे आपणच नाही का? गावाचा सगळा भार ज्याच्यावरून वाहतो, त्यालाच गाव म्हणतं, हे नसलं तरी चालतं!

दुपारी शितल आली तेव्हा वस्तीतले आठ-दहा जण भेटायला बसले होते. मी पुस्तकातली आकृती दाखवून अर्धा तास बोललो. स्नायू कसा ओढतो, वाटी कशी सरकते, ती काढल्यावर बळ कुठे हरवतं. माणसं गुंग झाली. शितल भिंतीला टेकून उभी होती.

शेवटी म्हणाली, "सर, मला कॉलेजात एवढं चांगलं कुणी शिकवलं न्हाई."

मी हसलो.

"आता पाय उचला."

सगळ्यांसमोर! मी म्हटलं, आज दमलो. उद्या.

"उद्या मी येत न्हाई," ती म्हणाली. "परवा येते. म्हणजे दोन दिवस गेले."

खेमा मोबाइलवर सगळं टिपत होता. निघताना त्याचे डोळे भरले होते. "सर, आपल्याच पोरानं असं करावं? तुमी त्याला खाऊ घातलं."

मी म्हटलं, "त्याने विचारायला हवं होतं, खेमा. माझ्या देहाचा मालक मी आहे. हा विश्वासघात आहे."

यात एक शब्द खोटा नाही.

२९ ऑगस्ट

खेमाने माझं बोलणं ग्रुपवर टाकलं होतं. जिल्हाभर फिरलं म्हणे. सेनगाव, औंढा, कळमनुरीहून फोन येत आहेत. एकाने सांगितलं, ऐकताना अंगावर काटा आला. दुसरा म्हणाला, "सर, आवाज तोच हाय. गुडघा गेला तरी आवाज गेला न्हाई."

आज एका बाईने कमलला हातपंपावर विचारलं की वाटी काढून त्या डॉक्टरने विकली हे खरं का. कमल घरी येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"ऐकलं का? इकली म्हणतेत. बोला आता कायतरी."

मी म्हटलं, "मी असं म्हटलेलं नाही."

"तुमी न्हाई म्हणलं. मग न्हाई म्हणून तरी सांगा."

अडाणी लोकांच्या प्रत्येक अफवेला उत्तर देत बसलो तर मुख्य मुद्दा बाजूला पडेल. मुद्दा विश्वासघाताचा आहे. अफवा मी उठवलेली नाही. मी फक्त ती खोडली नाही. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो फरक ज्यांना कळत नाही त्यांच्याशी काय बोलायचं.

११ सप्टेंबर

ब्रेस सुटून आठवडे झाले. काठी घेऊन अंगणापर्यंत जातो. उजवा पाय पूर्ण सरळ होत नाही. टाच उचलली की गुडघा आपला खाली झुकतो, वाळलेल्या फांदीसारखा. पुस्तकात या झुकण्याचा उल्लेख आहे. वाटी काढल्याचा परिणाम.

शितलने आज टेप काढून दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी बरीच उतरली आहे.

"करता का सर, मी नसते तेव्हा?"

"वाचन चालू आहे," मी म्हटलं.

"मांडी वाचून वाढत न्हाई."

मग सामान आवरता आवरता ती म्हणाली, "सर, दवाखान्यातली बाकडी रिकामी पडलीत. मागल्या आठवड्यात एक म्हातारा आला होता, अर्ध्या जिन्यावरून त्याच्या नातवानं त्याला परत नेला. 'वाटी काढतो तोच का हा' म्हणला. प्रज्ञेश सर आत बसून ऐकत होते. तुम्ही एक शब्द बोला."

"मी खोटं काय बोललो?"

"खोटं न्हाई बोललात." तिने टेप गुंडाळला. "खोटं असतं तर खोडून काढता आलं असतं."

मुलगी बोलते बरी. पण ती त्याच्या पगारावर आहे, हे विसरून चालणार नाही.

२२ सप्टेंबर

कमल हिंगोलीला जाऊन आली. मला न सांगता, काळीपिवळी जीपने. येऊन एवढंच म्हणाली, "दिवाळी झाली की नांदेडला चालला प्रज्ञेश. कुण्या मोठ्या दवाखान्यात नोकरी धरली. बोर्ड उतरवणार हाय."

मी म्हटलं, "पळून जातोय. लढायची ताकद नाही. आपल्या माणसांना इतक्यात सोडून जाणारा..."

"आपली माणसं!" कमल म्हणाली. त्यानंतर आज दिवसभर ती माझ्याशी बोललेली नाही. ताट समोर ठेवते, उचलते.

या घरातही आता मला सभा उरलेली नाही.

४ ऑक्टोबर

आज जे कळलं ते लिहितो आहे. रागाने.

खेमाची आई मंजुळाबाई परवा सोयाबीनच्या शेतात बांधावरून घसरली. गुडघ्यावर पडली. गुडघा सुजून भोपळ्यासारखा झाला. खेमाने काय करावं? आईला जीपमध्ये घातलं, हिंगोलीत प्रज्ञेशच्या दवाखान्यासमोरूनच जीप नेली, थांबवली नाही, आणि पलीकडच्या खेड्यात कुणा हाड बसवणाऱ्याकडे नेऊन लेप लावून आणला! लेप आणि वर बांबूच्या कामट्या. म्हातारी भिंत धरून घरभर चालते आहे, चुलीपाशी बसते आहे, उठते आहे.

मी खेमाला बोलावून घेतलं.

"लाज नाही वाटत? जन्मभर मी काय सांगत आलो? अंगारे-धुपारे सोडा, शिकलेल्या माणसाकडे जा!"

"व्हय सर."

"मग काहून नेलं नाहीस प्रज्ञेशकडं?"

"सर, तुमीच इचारून राहिले?"

"मी कुठं म्हणालो जाऊ नका?"

"म्हणायला कशाला लागतंय, सर? आमाला समजतं की. तुमी 'इश्वासघात' म्हणलं, मग तिथं आईला न्यायचं व्हय? तुमचा पाय तर रोज डोळ्यापुढं हाय माझ्या."

"माझी गोष्ट वेगळी आहे."

"वेगळी कशी?"

पन्नास माणसांच्या गलक्यात प्रश्न आला तर मी झेलतो. एकट्या खेमाचा झेलता आला नाही.

"मायला चालू देऊ नकोस," एवढंच म्हटलं. "पाय खाली टेकवू देऊ नकोस. भेग असेल तर तुकडे ओढले जातात. पहिल्या दिवशी नेलं तर..."

वाक्य अर्धं सोडलं. ते कुणाचं आहे हे मला माहीत होतं.

खेमा म्हणाला, "लेपवाल्यानं हप्त्याची मुदत दिलीया. बघू. तुमी काळजी करू नका सर. विहारातल्या सभेला माईक मीच लावणार हाय."

७ ऑक्टोबर

आज विहारात वर्षावासाची सांगता झाली. तीन महिने संध्याकाळी ग्रंथवाचन चाललं, त्याचा समारोप. पांढऱ्या साड्या, खिरीचं पातेलं, आजूबाजूच्या गावांहून माणसं. सांगतेला मीच बोलतो. यंदा तर दुप्पट लोक. माझा गुडघा बघायला आले होते, हे मला कळत होतं.

आयोजकांनी खुर्ची ठेवली होती. नाकारली. बसून बोलणारा माणूस विनंती करतो.

ठरवून गेलो होतो. क्षमा वगैरे मागायची नव्हती. प्रज्ञेशने मला न सांगून चूक केली, हे मी आजही म्हणतो, उद्याही म्हणेन. पण मंजुळाबाई घरात चालते आहे. म्हणून सरळ सांगितलं: "बंधू-भगिनींनो, वाट्या विकत नसतात. वाटीचा चुरा झाला होता, म्हणून ती काढली. प्रज्ञेश चांगला सर्जन आहे. हाड मोडलं तर त्याच्याकडे जा. त्याच दिवशी जा."

सभा शांत झाली. मला वाटलं, घुसलं.

मग उजवा पाय थरथरू लागला.

पुस्तकात लिहिलेलं मी तेव्हा अंगाने वाचलं. सरळ गुडघ्यावर माणूस जवळजवळ फुकट उभा राहतो. अर्धवट वाकलेल्या गुडघ्यावर उभं राहायचं तर मांडीला क्षणभर सुट्टी नाही. माझा गुडघा सरळ होत नाही आणि मांडीत काही उरलेलं नाही. धोतर वाऱ्याशिवाय हलत होतं. पहिल्या रांगेतल्या बायांनी बघितलं. एकीने तोंडाला पदर लावला.

"प्रज्ञेशने मला..." मी म्हणालो आणि गुडघा लचकला. माईकचा दांडा धरला म्हणून पडलो नाही.

मागून कुणीतरी ओरडलं, "बघा! सरांचा पाय बघा! काय करून ठेवलं त्या पोट्ट्यानं!"

"अन् तरी बी सर त्याच्याचसाठी बोलून राहिले!"

"मन बघा सरांचं! येवढं मोठं मन!"

टाळ्या. मी हात वर केला, थांबा म्हणालो, पाय आणखी थरथरला, टाळ्या आणखी वाढल्या. मी ओरडून सांगितलं की हे ऑपरेशनमुळे नाही, मी व्यायाम... ते पुढचे शब्द टाळ्यांत गेले. किंवा मी ते मोठ्याने बोललोच नाही. आता नीट आठवत नाही. खेमा रडत रडत आवाज वाढवत होता, म्हणजे माझंच धाप लागलेलं हुंकारणं सगळ्या कर्ण्यांतून गावभर गेलं.

मग लोक पाया पडायला आले. एकेक जण वाकला आणि उजव्या गुडघ्याला हात लावून गेला, समाधीला लावावा तसा. एक म्हातारा म्हणाला, "तुमी माफ केलं सर, आमी न्हाई करणार."

मी जे बोललो ते प्रत्येकाने ऐकलं. एकानेही मानलं नाही. माझ्याच बोलण्याने त्यांना प्रज्ञेशच्या विरुद्ध इतकं तयार करून ठेवलं होतं, की आज माझाही इलाज चालला नाही.

घरी आल्यावर कमल पंधरा दिवसांतलं पहिलं मोठं वाक्य बोलली. "मी बाया-बायांत बसून आयकत व्हते. तुमी बोलले ते बराबर व्हतं. पण त्यांनी तुमचं आयकलं न्हाई, पायाचं आयकलं."

८ ऑक्टोबर, सकाळ

सकाळीच कमल मंजुळाबाईकडे जाऊन आली. म्हणते, लेपाच्या वर मांडी काळीनिळी पडली आहे. म्हातारी अजून चालते आहे. पाय ओढत, पण चालते. खेमाला अभिमान आहे. सांगतो, "माय माझी वाघीण हाय, एक दिवस बसली न्हाई."

मला माहीत आहे त्या कातड्याखाली काय चाललं आहे. प्रत्येक पावलाला मांडीची दोरी भेगेची वरची कड वर ओढते आहे. आज भेग बोटाएवढी रुंद असेल, उद्या दोन तुकडे, परवा चुरा. मग कुणीही काढूनच टाकेल, प्रज्ञेश असो की नांदेडचा कुणी. आणि ती म्हातारी काही कमावलेल्या मांडीची नाही, पुस्तकं वाचणारीही नाही. बांधावरून उतरताना तिला कोण धरणार?

शितलचा निरोप आहे: प्रज्ञेश आज दुपारपर्यंत दवाखान्यात आहे, नंतर राहायला जागा बघायला नांदेडला जाणार.

प्रज्ञेशला फोन केला. "सर" म्हणाला. मी म्हटलं, तुझ्यावरचा माझा राग संपलेला नाही. तो म्हणाला, "माहीत आहे, सर." मी म्हटलं, एक म्हातारी येईल, तिच्याशी बोल, तिच्या पोराशी नंतर. काय ठेवणार, काय काढणार, ते तिला तोंडावर सांग. "हो सर." येईल का, असं त्याने विचारलं नाही. मीही सांगू शकलो नसतो.

आता काठी घेतली आहे. कमल सोबत येते आहे; म्हणते, "मी धरते, तुमी निसतं चाला." खेमाच्या घरापर्यंतची वाट उताराची आहे, आणि उतारच मला जमत नाही. तिथे माईक नाही, टाळ्या नाहीत. दारात उभं राहून काय बोलायचं ते इथे लिहून घेतो, म्हणजे फाटे फुटणार नाहीत:

खेमा, माझं मोठं मन वगैरे काही नाही, माझ्या पायाकडे बघू नकोस. मी तीन गावं मोडक्या गुडघ्यावर हिंडलो, ते तू खांदा देऊन बघितलं आहेस. मायच्या कामट्या सोड, तिला उचलून मागच्या सीटवर आडवी घाल, तिला एक पाऊलही टाकू देऊ नकोस, आणि जीप आत्ता प्रज्ञेशच्या दारात नेऊन उभी कर.